सर्पदंशावर दहा दिवसांचं एकत्रित मॉड्यूल बसवताना (एमबीबीएस दुसरं वर्ष, सांगली)

वारणाकाठ

सांगलीतल्या एका मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांसाठी एकत्रित मॉड्यूल बसवायचं आहे. विषय सर्पदंश. का, ते इथल्यांना सांगायला नको. एकीकडे वारणा-कृष्णेचा ऊसपट्टा, दुसरीकडे जत-आटपाडीचं माळरान, आणि साप म्हटलं की ज्याचं नाव निघतं ते बत्तीस शिराळाही याच जिल्ह्यात. पाऊस सुरू झाला की कॅज्युअल्टीत रोज कुणीतरी असतंच.

कच्चा आराखडा असा : फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, फॉरेन्सिक आणि मेडिसिन, प्रत्येकी ४ लेक्चर, एकूण २४ तास. शेवटच्या दिवशी वॉर्डात रुग्ण दाखवायचा. करिक्युलम कमिटीपुढे ठेवण्याआधी फोडून काढा. कौतुक नको, चुका हव्यात.

टाचणी

फोडायला सांगितलंत म्हणून स्पष्ट लिहितो. हे एकत्रीकरण नाही, ही सहा लेक्चरमालांची मोट बांधलेली आहे. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ हार्डनने २००० साली एकत्रीकरणाची ११ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी प्रत्येक विषय आपापल्या खोलीत, वर विषयांच्या भिंतीच नाहीत. तुमचा आराखडा पाचव्या पायरीवर आहे, म्हणजे सगळे एकाच आठवड्यात तोच विषय शिकवतात, एवढंच. ते वाईट नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगालाही बहुतेक अभ्यासक्रमात तेवढंच हवं आहे. अकराव्या पायरीची हाव धरू नका. सहावी-सातवी गाठली तरी भरपूर, म्हणजे दोन विभाग मिळून एक सत्र घेतात आणि ते सत्र एका रुग्णाभोवती फिरतं.

लेक्चर मोजणं थांबवा आणि रुग्णासमोर घ्यायचे निर्णय मोजा. सर्पदंशात ते सातच आहेत :
विषारी दंश आहे की नाही?
अँटिव्हेनम (विषावरचा उतारा) द्यायचं का?
किती?
पुन्हा द्यायचं तर कधी?
श्वास आपल्या हातात कधी घ्यायचा?
पुढे पाठवायचं तर कुठे, आणि पाठवण्याआधी काय करून?
कागदावर काय लिहायचं?

आता प्रत्येक विभागाची प्रत्येक स्लाइड या सातांपैकी कुठल्या प्रश्नाला उपयोगी पडते ते विचारा. एकालाही नाही, तर स्लाइड काढा. रक्त गोठण्याची अख्खी साखळी बाराही फॅक्टरांसह (गोठवणाऱ्या घटकांसह) पुन्हा काढायची गरज नाही. घोणशीचं विष फॅक्टर दहा आणि पाच चेतवतं, फुरशाचं प्रोथ्रॉम्बिनला हात घालतं, आणि दोन्हीकडे शेवटी फायब्रिनोजेन संपतं. एवढं पुरे.

फिजिओवाली

टाचणी सरांशी सहमत, पण एक धोका लक्षात घ्या. 'एवढं पुरे' म्हटलं की पहिल्या वर्षाचे विभाग हात झटकतात. विद्यार्थ्याच्या डोक्यात न्यूरोमस्क्युलर जंक्शनचं (मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेचं) चित्र आठ-दहा महिन्यांपूर्वीचं असतं, ते उजळल्याशिवाय नाग आणि मण्यार यांतला फरक कळत नाही. त्यासाठी एक तासाचं उजळणी लेक्चर ठेवा, पण केस सुरू झाल्यानंतर, आधी नको. आधी ठेवलं की झोपतात. प्रश्न पडल्यावर ठेवलं तर ऐकतात.

गोळीऔषध

फिजिओवाली मॅडम, तिथेच आमचं दुकान लावा. फार्माकॉलॉजीत आता प्राण्यांवरचे प्रयोग नाहीत, संगणकावरचे सिम्युलेशन आहेत. स्नायू लुळे करणाऱ्या ट्यूबोक्युरारीनचा ब्लॉक निओस्टिग्मिनने सुटतो आणि सक्सिनिलकोलीनचा सुटत नाही, हा आलेख दरवर्षी दाखवतो आणि दरवर्षी विसरला जातो. त्याच तासात विचारा : नागाचं विष रिसेप्टरवर, म्हणजे जंक्शनच्या पलीकडच्या बाजूला बसतं. मण्यारीचं अलीकडे, मज्जातंतूच्या टोकावर घाव घालतं. मग निओस्टिग्मिन कुणाला उपयोगी पडेल? उत्तर विद्यार्थीच देतात, आणि मग मात्रा लक्षात राहते : आधी अॅट्रोपिन ०.६ मिग्रॅ शिरेतून, मग निओस्टिग्मिन १.५ मिग्रॅ स्नायूत, आणि पुढे तासभर पापणी, एका श्वासात मोजलेले आकडे आणि जबडा किती उघडतो याची नोंद. मण्यारीत टोकंच निकामी झालेली असतात, तिथे व्हेंटिलेटर हाच उपचार, कधी काही दिवस, कधी त्याहून जास्त.

वारणाकाठ

हे पटलं. लेक्चर २४ तासांवरून ३ वर आणतो. दहा दिवस, रोज दुपारी २ ते ४, एकूण २० तास, अशी नवी वाटणी : गटचर्चा ६ तास, प्रयोगशाळा ४, स्किल लॅब ४, लेक्चर ३, प्राथमिक आरोग्य केंद्राची भेट २, परीक्षा १. प्रयोगशाळेत कुणी काय करावं, यावर पॅथॉलॉजीवाल्यांनी बोलावं.

रक्तबल्ब

२० डब्ल्यूबीसीटी (काचेच्या नळीत २० मिनिटांत रक्त गोठतं का, ही चाचणी) करून घ्या. एकाच काचेच्या नळीत तीन विभाग बसतात आणि खर्च जवळजवळ शून्य.

१५० विद्यार्थी, निम्मे प्रयोगशाळेत, निम्मे स्किल लॅबमध्ये, मग अदलाबदल. ७५ चे पाच गट, प्रत्येक टेबलावर १५. टेबलामागे एक स्वयंसेवक (लेखी संमती घेऊन), त्याचं ताजं १० मिली रक्त. ते पाच जागी, प्रत्येकी २ मिली :

१) नवी, कोरडी, स्वच्छ काचेची नळी
२) प्लास्टिकची नळी
३) साबणाच्या पाण्याने धुऊन नीट न विसळलेली काचेची नळी
४) नवी काचेची नळी, पण पाचव्या मिनिटाला हलवून बघितलेली
५) सायट्रेटचा (रक्त गोठू न देणारा) बल्ब, निळ्या झाकणाचा

आधी प्रत्येक गटाने कागदावर लिहायचं की कुठलं गोठेल आणि का. मग (चौथी सोडून) २० मिनिटं हात न लावता थांबायचं, आणि मगच एकदा वाकवून बघायचं. पहिली गोठते, कारण काच फॅक्टर बारा चेतवते. प्लास्टिकमध्ये तो संपर्कच नाही, म्हणून उशीर. साबणाच्या थरानेही गोठणं बिघडतं. या दोन नळ्या वॉर्डात वापरल्या तर 'रक्त गोठत नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो आणि निरोगी माणसाला घोड्याचं सीरम, म्हणजे अँटिव्हेनम, टोचलं जातं. पाचवी कधीच गोठत नाही. मग तिच्यातलं रक्त काचेच्या नळीत ओतून कॅल्शियम क्लोराइडचे थेंब घालायचे, आणि बायोकेमिस्ट्रीची मंडळी पुढे सरसावतात.

चौथ्या नळीवरून वाद होतात, होऊ द्या. कधी गोठते, कधी अर्धवट दिसते. अधूनमधून नळी हलवून बघण्याची खोड मोडायला तेवढं पुरतं.

रक्तपेढीतली मुदत संपलेली पिशवी आणू नका. तिच्यात सायट्रेट असतं, ती गोठणारच नाही, आणि अख्खा तास समजूत घालण्यात जाईल. प्रयोगानंतर काच निळ्या खुणेच्या डब्यात, सुया पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हेही त्याच तासात शिकवून मोकळे व्हा.

मिरजवाला

मेडिसिनकडून. केस कागदावर एकदम देऊ नका, पानापानाने द्या.

पहिली केस घोणशीची. पान १ : ऊस पाजायला गेलेला माणूस, पायाला दंश, सूज गुडघ्यापर्यंत, मांडीला चिंधी करकचून बांधलेली. इथे थांबा. पहिला प्रश्न : ती चिंधी लगेच सोडायची का? बहुतेक गट 'हो' म्हणतात. सलाइन लावून अँटिव्हेनम तयार होईपर्यंत सोडायची नाही, मग सावकाश. एकदम सोडली तर साठलेलं विष एका झटक्यात रक्तात येतं. पान २ : २० मिनिटांनी रक्त गोठलं नाही. पान ३ : १० व्हायल गेल्या, दोन तास झाले, रक्त अजून गोठत नाही. आता काय? निम्मे गट आणखी १० व्हायल मागतात. सगळ्या मॉड्यूलचा कळीचा क्षण हाच. विष निष्प्रभ झालं तरी यकृताला फॅक्टर पुन्हा बनवायला साधारण सहा तास लागतात, म्हणून पुढचा डोस सहा तासांनी रक्त तपासून. यकृताचं शरीरशास्त्र इथे जितकं पक्कं बसतं तितकं लेक्चरमध्ये बसत नाही.

दुसरी केस मण्यारीची. ऊसतोड टोळीच्या कोपीत जमिनीवर झोपलेलं नऊ वर्षांचं पोर, पहाटे पोटात दुखतंय, अंगावर खूण नाही. सर्जरीवाले अपेंडिक्स बघतात, पापण्या उतरायला लागल्यावर सगळ्यांची धावपळ. इथे विचारायचा प्रश्न : मुलाला अँटिव्हेनम किती? वजनावर नाही. साप वजन बघून विष कमी टोचत नाही. मोठ्या माणसाइतकंच, ८ ते १० व्हायल.

टाचणी

मिरजवाला सर, केस सुरेख आहेत, पण तिसरं पान वेळेआधी फुटलं तर सगळं गेलं. पीजी रेसिडेंटना गट सांभाळायला देणार असाल तर दोन पानी मार्गदर्शिका द्या आणि त्यात मोठ्या अक्षरात लिहा : उत्तर सांगायचं नाही. नाहीतर रेसिडेंट पहिल्या दहा मिनिटांतच तिन्ही पानांची उत्तरं देऊन मोबाइल काढतो. दुसरी गोष्ट, १५ चा गट चर्चेला मोठा आहे. दोन पाळ्या करून ८ चे गट करता आले तर बघा. जमत नसेल तर निदान प्रत्येक पानाला वेगळा विद्यार्थी फळ्यापाशी उभा करा.

गावफेरी

पीएसएमचा (सामाजिक वैद्यकशास्त्राचा) माणूस आहे. आरोग्य केंद्राची भेट २ तासांत होणार नाही. १५० जण, तीन बस, जायला-यायला वेळ, आणि तिथल्या मेडिकल ऑफिसरला ओपीडी सोडून तुमच्यासाठी उभं राहावं लागतं. ती भेट कुटुंब दत्तक कार्यक्रमाच्या फेरीला जोडा आणि इथले दोन तास भाषेला द्या.

गावात 'साप चावला' असं फारसं कुणी म्हणत नाही. 'पान लागलं' म्हणतात, 'जनावर चावलं' म्हणतात, 'किरडू डसलं' म्हणतात. नागपूर-मुंबईच्या पोरांना 'पान लागलं' म्हणजे काय ते कळतच नाही, ते तंबाखूची सवय लिहून घेतात. (हसू नका, अशी केसपेपरं असतात.) आणि सोबतचे म्हणतात, कडुनिंबाचा पाला खायला दिला, कडू लागला, म्हणजे विष चढलं नाही. रोल-प्लेमध्ये नातेवाइकाच्या तोंडी हे वाक्य घाला. विद्यार्थी खेकसला तर नापास. कुणाचा अपमान न करता पेशंटला २४ तास निरीक्षणाखाली ठेवायला राजी केलं तर पास.

दुसऱ्या तासात कागदावरचं आरोग्य केंद्र. १० व्हायल शिल्लक, अॅम्ब्युलन्स ४० मिनिटांवर, जतहून मिरजेला यायला दीड-दोन तास. पाठवायचं की आधी डोस सुरू करायचा? 'आधी सुरू, मग रेफर' हे वाक्य घोकून घेण्यापेक्षा तो हिशेब त्यांना स्वतः करू द्या.

पंचनामा

सात निर्णयांमधला सातवा सगळे विसरले, म्हणून फॉरेन्सिककडून.

मृत्यू झाला तर पोलिसांना कळवायचं, इन्क्वेस्ट (मृत्यूच्या कारणाची चौकशी) आता बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १९४ खाली (पूर्वीचं सीआरपीसी १७४). दंशाच्या जागेची त्वचा घेतली तर दुसऱ्या बाजूची, दंश नसलेली त्वचाही तुलनेसाठी घ्यायची. विषाच्या तपासणीसाठीचं काहीही फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचं नाही. आणि व्हिसेरा (शवातल्या अवयवांच्या तपासणीचा) अहवाल निगेटिव्ह आला म्हणजे साप चावलाच नव्हता, असा अर्थ नाही.

याला घरच्यांच्या दृष्टीने फार महत्त्व. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश येतो, मृत्यू झाल्यास २ लाख. केसपेपरवर 'अननोन बाइट' लिहून सोडलं, वेळ-जागा लिहिली नाही, तर ते कुटुंब महिनोन्महिने तलाठी ते तालुका कृषी कार्यालय असं फिरतं. विद्यार्थ्यांकडून एक केसपेपर लिहवून घ्या आणि आम्ही तो वकिलाच्या नजरेने तपासतो. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाच्या यादीत फॉरेन्सिकची कॉम्पिटन्सी (शिकायची क्षमता) एफएम ११.१ आणि मेडिसिनची आयएम २०.१, २०.२ यातच बसते, म्हणजे कागदोपत्रीही अडचण नाही.

साधासाप

विषयांतर माफ करा. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी विद्यार्थ्यांना दाखवायला नेता येईल का? तिथे नाग जवळून बघायला मिळतील.

वारणाकाठ

नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात नाग संरक्षित आहे, आणि शिराळ्याचं प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. कॉलेजच्या नावाने तिथे उभं राहणं परवडणार नाही. साप ओळखायला फोटो पुरतात. फक्त फोटो निवडताना फसवे घ्या : कवड्या आणि मण्यार शेजारीशेजारी, धामण आणि नाग, अजगराचं पिल्लू आणि घोणस. आणि शेवटी सांगायचं की साप ओळखला नाही तरी चालतं. मेलेला साप पिशवीत घेऊन येण्यात वेळ जातो आणि डोकं तुटलेलं असलं तरी दंश होऊ शकतो. निर्णय पेशंटकडे बघून घ्यायचा.

गोळीऔषध

स्किल लॅबबद्दल. चार तासांत तीन स्टेशनं पुरेत : फ्रॅक्चरसारखा पाय बांधणं, अँटिव्हेनम तयार करणं, आणि रिअॅक्शन हाताळणं.

अँटिव्हेनमच्या पावडरीत प्रत्येकी १० मिली पाणी, व्हायल हलकेच गोल फिरवायची. खळखळवली की फेस होतो आणि औषध फेसात अडकतं. १० व्हायल म्हणजे १०० मिली, २०० मिली सलाइनमध्ये, एकूण ३०० मिली एका तासात. मिलीमागे २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला १०० थेंब. हा हिशेब विद्यार्थ्यालाच करू द्या. अर्धे जण ३०० भागिले ६० करून ५ थेंब म्हणतात, कारण सेटचा आकडा विसरतात. पहिली १० मिनिटं सावकाश आणि डोळे पेशंटवर. त्वचेवर चाचणी डोस द्यायचा नाही, त्यावरून रिअॅक्शनचा अंदाज बांधता येत नाही. अॅड्रेनॅलीन आधीच भरून बाजूला : १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या स्नायूत. घाम-पुरळ-खोकला दिसला की आधी ड्रिप थांबवायची, मग टोचायचं. उलट क्रम करणारे असतात.

सरावासाठी मुदत संपलेल्या व्हायल स्टोअरमधून लेखी मागवा आणि त्यांवर लाल पट्टी चिकटवा. सराव आणि खरं एकाच कपाटात ठेवू नका.

आणि मायक्रोबायोलॉजी राहिली. घोड्याचं सीरम, म्हणून तात्काळ रिअॅक्शन आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी सांधे दुखून येणारी सीरम सिकनेस, दोन्ही त्यांनी घ्यावं. शिवाय विष बहुतांश तामिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं. तिथल्या घोणशीच्या विषावर बनलेलं औषध इथल्या घोणशीला तितकंच लागू पडेल का, या प्रश्नावर गटचर्चेत अर्धा तास सहज जातो.

टाचणी

आता परीक्षा. एक तासात १५० जणांची ओएससीई (स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षा) होत नाही. हिशेब करा : ४ स्टेशनं, प्रत्येकी ५ मिनिटं, एका फेरीत ४ जण, २० मिनिटं. तीन सर्किट समांतर लावली तरी एका फेरीत १२ जण, म्हणजे १३ फेऱ्या, ४ तास २० मिनिटं. परीक्षक १२. त्यामुळे कौशल्यं स्किल लॅबमध्येच चेकलिस्टने तपासून लॉगबुकात सही करा. शेवटच्या तासाला एकच पेपर : पानापानाने उलगडणारी तिसरी, न बघितलेली केस. प्रत्येक पानाला तीन उपप्रश्न, आणि प्रत्येक उपप्रश्न वेगळा विभाग तपासतो. पान लिहून जमा केल्याशिवाय पुढचं मिळत नाही, कारण पुढच्या पानात मागच्याचं उत्तर असतं.

हा पेपर प्रत्येक विभागाच्या इंटर्नल असेसमेंटमध्ये धरला गेला नाही तर पोरं पहिल्याच दिवशी ओळखतात की हे परीक्षेला नाही. मग तिसऱ्या दिवशी हजेरी निम्मी.

फिजिओवाली

आणि तास कुणाच्या खात्यात? कुणी कधी उघड बोलत नाही, पण मॉड्यूल बहुतेक वेळा यावरच अडतं. विभागप्रमुखाला आपल्या विषयाचे तास भरलेले दाखवायचे असतात. प्रत्येक सत्राला एक यजमान विभाग लिहा, तास त्याचे. बाकीचे 'एकत्रित' या रकान्यात. आणि हे कमिटीच्या मिनिट्समध्ये आणा, तोंडी ठेवू नका. पहिल्या वर्षाच्या विभागांना या बॅचचे तास मोजताच येणार नाहीत, तेव्हा फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्रीचे लोक कशाच्या बदल्यात येतील, तेही आधी ठरवा.

वारणाकाठ

यजमान असे धरतो : क्लॉटिंगची प्रयोगशाळा पॅथॉलॉजी, सिम्युलेशन आणि अँटिव्हेनमचं स्टेशन फार्मा, सीरम रिअॅक्शनचं लेक्चर मायक्रो, गटचर्चा मेडिसिन, रोल-प्ले पीएसएम, केसपेपर फॉरेन्सिक. फिजिऑलॉजी-बायोकेमच्या बदल्यात आमचे लोक त्यांच्या अर्ली क्लिनिकल एक्स्पोजरला (पहिल्या वर्षीच रुग्णाशी ओळख करून देणाऱ्या तासांना) केस घेऊन जातील, असा सौदा मांडतो.

एकच अडचण उरली. स्टोअर म्हणतंय काचेच्या टेस्ट ट्यूब आता मागवतच नाहीत, सगळं प्लास्टिक. ज्या आहेत त्या प्रॅक्टिकलच्या जुन्या, वर्षानुवर्षं साबणाने धुतलेल्या.

रक्तबल्ब

त्या तिसऱ्या नळीसाठी राखून ठेवा, आयत्या मिळाल्या. पहिल्या आणि चौथ्यासाठी प्रत्येक टेबलाला २, दहा टेबलं म्हणजे २०, आणि सायट्रेटचं रक्त ओतायला आणखी १०. फुटतात, म्हणून ४० नव्या मागवा. रिमलेस बोरोसिलिकेट, १० मिलीच्या, अशा स्पष्ट शब्दांत इंडेंट (मागणीपत्र) करा. नुसतं 'टेस्ट ट्यूब' लिहिलंत तर पुन्हा प्लास्टिकच येईल. आणि चार-पाच नळ्या कॅज्युअल्टीच्या ड्रॉवरमध्येही ठेवा, तिथेही नसणार.